जिवंत माणसाचं नाव

मेम्फिस, ४ मार्च १९९५

चि. कॉर्डेल यास ओडेसामावशीचे अनेक आशीर्वाद.

ह्यूस्टनला सुखरूप पोचलास हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. पण इकडे यायचं नाव काढू नकोस. तुझ्या रॅपची कॅसेट वस्तीतल्या प्रत्येक गाडीत दणाणतेय. शेवटी तू आपल्या गेलेल्या पोरांची नावं घेतोस, तिथे सगळे आवाज वाढवतात. पण त्यात ल्यूशसचं नाव! अरे, तो गोळी लागून इस्पितळात पडलाय, पण जिवंत आहे! काल त्याचे दोघे भाऊ दारात आले होते. थोरला म्हणाला, श्वास चालू असलेल्या माणसाला ज्यानं मेलेल्यांत बसवलं, त्यालाही आम्ही तिथेच बसवू. एरवी एवढं तोंड चालतं तुझं, एक फोन करून विचारायला काय झालं होतं?

वेळेवर जेवत जा. रागावलेली, तरी तुझीच,
ओडेसामावशी


ह्यूस्टन, ८ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

गाड्या धुतात तिथली पोरं म्हणाली, ल्यूशस गेला. मी रडत घरी आलो आणि त्याच दिवशी रॅप रेकॉर्ड केलं. एका ताटात जेवलोय गं आम्ही. इथला रेकॉर्ड कंपनीवाला कॅसेट दुकानांत आणायला तयार आहे, पण नावं जशीच्या तशी हवीत. लोक तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकतात म्हणे. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मग जा, कॅसेटी वीक परत गाडीच्या डिकीतून.

रविवारी येतोय. चर्चमध्ये प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची नावं वाचतात ना, त्यात ल्यूशसचं नाव मी वाचणार, त्याच्या भावांच्या देखत. पास्टरांना सांगून ठेव. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण मला अडवू नकोस.

माया अशीच राहू दे.
तुझा कॉर्डेल


मेम्फिस, १६ मार्च

चि. कॉर्डेल यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ते नाव वाचलंस, तेव्हा मी बाक घट्ट धरून बसले होते. भाऊ जागचे हलले नाहीत. तू धडधाकट बसमध्ये चढलास आणि मला वाटलं, सुटलो.

काल सकाळी ल्यूशस गेला. रडून घे बाळा आधी.

दुपारी ते दोघे पुन्हा आले. मी दाराची साखळी काढलीच नाही, फटीतून पाहिलं. वाटलं, आता म्हणणार, कॉर्डेलच्या जिभेनंच त्याला खाल्लं. थोरल्यानं टोपी काढली. म्हणाला, पुढच्या शनिवारी दफन आहे, शवपेटीला खांदा द्यायला एक माणूस कमी पडतोय, आणि आई कॉर्डेलशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव काढू देत नाही.

तुझा काळा कोट इस्त्री करून ठेवलाय. ये.

वाट पाहणारी,
ओडेसामावशी