'काचांपायी' या शब्दावरील टिंबाबाबत

प्रति,
मे. तालुका दंडाधिकारीसाहेब,
तहसील कचेरी, खालापूर, जि. रायगड.

अर्जदार : भिवाजी कान्हा ठोंबरे, धंदा शेती, रा. भिसेगाव, ता. कर्जत.

विषय : माझी मयत मुलगी मैना हिच्या मृत्यूच्या कागदातील 'काचांपायी' या शब्दावरचा एक अनुस्वार काढून टाकून मिळण्याबाबत.

संदर्भ : शेजारीण गौराबाई हिचा चौकीवर घेतलेला जबाब, आणि त्याच चौकीवर दिलेले माझे अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

१. विषय वाचून आपणांस हसू येईल हे मी धरून चाललो आहे. चौकीवरही हसले. एका टिंबासाठी म्हातारा भिसेगावाहून येऊन पायऱ्या झिजवतो, हे हसण्यासारखेच आहे. तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा. अर्जदार जुनी सातवीची फायनल पास आहे. ऱ्हस्वदीर्घाची चूक झाल्यास माफी असावी, अनुस्वाराची होणार नाही.

२. माझी मैना शिळफाट्याच्या पदूला दिली होती. पदूची जुनी फियाट असून ती तो कारखान्यातल्या साहेबांना भाड्याने देतो. साहेबांना ऊन लागते, म्हणून गेल्या वैशाखात त्याने गाडी मुंबईस एका दुकानात नेऊन सर्व काचांना काळी फिल्म लावून आणली. दारात नारळ फुटला, हार चढला. दुकानदाराने पथ्य सांगितले होते : आठ दिवस काचा खाली करायच्या नाहीत, साबण लावायचा नाही, मऊ ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसायचे, बुडबुडा दिसला तर दाबत दाबत कडेला न्यायचा, टोकदार काही लागू द्यायचे नाही. पथ्य गाडीचे आणि पाळणारी माझी मुलगी, अशी वाटणी झाली.

३. त्याच आठवड्यात मी व माझे कुटुंब अंबाबाई आंबे घेऊन लेकीकडे गेलो. पाहतो तो मुलीचे दोन्ही हात मोकळे. नवरा धडधाकट समोर बसलेला, आणि सवाष्णीच्या हातात काकण नाही. विचारता समजले, की काकणांनी फिल्मवर ओरखडा उठतो म्हणून ती उतरवायला लावली. एक ओरखडा आधीच उठला होता, त्याची पाच बोटे तिच्या गालावर दिसत होती. निघताना तिने ती हिरवी काकणे आईच्या पदरात बांधून दिली. म्हणाली, "घेऊन जा गं आये, हितं फुटतील." अंबाबाईने वाटभर पदराची ती गाठ मुठीत धरली होती.

४. त्यानंतर दोन दिवसांनी भर दुपारी मागच्या काचेत बुडबुडा दिसला. पदूने मैनेला फडके देऊन गाडीत बसवले, दार लावले आणि बजावले, की बुडबुडा जाईपर्यंत बाहेर यायचे नाही, ओल्या फिल्मवर धूळ बसेल. गाडी अंगणात उन्हात होती, कारण उन्हात फिल्म लवकर वाळते. पदू जेवून झोपला. हे सर्व शेजारच्या गौराबाईने पाहिले. तिला राहवले नाही, तिने काचेवर टकटक केली. काळ्या काचेतून आतले काही दिसेना. आतून मैनेचा आवाज आला, "नको गं मावशे, दार नको उघडू. धूळ येल." माझी मुलगी जगात शेवटचे बोलली ते हे.

५. साहेब, दाराला कुलूप नव्हते. कडी आतून निघत होती. काच खाली करायचा दांडा तिच्या गुडघ्याजवळ होता आणि तो चालत होता, असे पंचनाम्यातच आहे. तरी पदू उठला तेव्हा ती फडके हातात घेऊन मेलेली होती.

६. गौराबाईने चौकीवर जबाब दिला : "पोर काचापायी गेली, सायब." जमादारांनी लिहून घेतले : 'मुलगी काचांपायी गेली.' इथे सगळा घात आहे. तो काच म्हणजे जाच, सासुरवास. ती काच म्हणजे गाडीची. गौराबाई बोलली ती त्या काचाबद्दल, आणि कागदावर आल्या गाडीच्या काचा. मग वरच्यांनी निकाल दिला, की काळ्या काचांमुळे आतले माणूस गुदमरत असल्याचे कोणास दिसले नाही, सबब अपघात. कागद बंद झाला. 'ध'चा 'मा' होऊन खून झाल्याचे आपण शाळेत शिकलो. येथे एक टिंब पडून खून पुसला गेला.

७. जमादारांवर माझा आरोप नाही. ते जुन्या वळणाचे आहेत. त्याच जबाबात त्यांनी नांव, गांव, कांही, पांच असे लिहिले आहे. ही टिंबे सरकारने शुद्धलेखनाचे नवे नियम करून केव्हाच रद्द केली. म्हणजे जमादारांचा हात सवयीने टिंब देतो, हे उघड आहे. सरकारने लाखो टिंबे काढली, त्यांत माझे एक काढल्याने कोणते राज्य बुडते?

८. मी गौराबाईला पुन्हा चौकीवर नेले. कारकून म्हणाले, बाई, नीट सांगा. ती म्हणाली, "काचापायी." कारकून म्हणाले, तेच तर लिहिले आहे. ती पुन्हा म्हणाली, हे पुन्हा म्हणाले. आमच्याकडे बोलताना टिंब तोंडातून निघत नाही, आणि तिला वाचता येत नाही. शेवटी ती रडू लागली, म्हणाली, "म्याच दार उघडाया होवं व्हतं." ते मात्र कोणी लिहून घेतले नाही.

९. मी मुंबईच्या त्या दुकानातही जाऊन आलो. विचारले, आठ दिवसांच्या आत काच खाली केली असती तर काय झाले असते? तो भला माणूस म्हणाला, फार तर कड सुटली असती, आम्ही फुकट चिकटवून दिली असती. आणि दार उघडू नका असे तो कोणास कधी बोललाच नव्हता. साहेब, त्या दुकानाच्या पायरीवर मी बसून राहिलो.

१०. कागदाने पटत नसेल तर माझी दुसरी विनंती आहे. येत्या वैशाखात तीच गाडी त्याच अंगणात उभी करावी आणि मला आत बसवावे. आपण स्वतः बाहेर उभे राहून पाहावे. मी काच खाली करीन, साहेब. आपणही कराल, कोणीही करील. जनावर असते तरी त्याने लाथा मारून फोडली असती. जीव जातो तरी जिचा हात दांड्याकडे जात नाही, तिला काय होते ते मग आपणच कागदावर लिहावे. त्याला एकच शब्द आहे आणि त्याच्यावर टिंब नाही.

११. पदूने फिल्म अजून नीट ठेवली आहे. गाडी परवा कर्जतला स्टेशनाजवळ उभी होती. थंडी होती, तरी त्याने काच खाली केली होती आणि कोपर बाहेर टेकून चहा पीत होता.

१२. सबब, सदर अनुस्वार काढून, जबाब गौराबाईला मोठ्याने वाचून दाखवून, मृत्यूची चौकशी पुन्हा सुरू करण्याचा हुकूम व्हावा. खाडाखोड चालत नसेल तर नवा कागद करावा. मुलगी परत मागत नाही. टिंब काढा, एवढेच.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
भिवाजी कान्हा ठोंबरे
भिसेगाव, ता. १२ जानेवारी १९८७

सोबत :
(१) गौराबाईच्या जबाबाची नक्कल. टिंबाभोवती मी तांबडे वर्तुळ केले आहे.
(२) मैनेची हिरवी काकणे, कापसात गुंडाळून. सवाष्ण गेली म्हणून तिची आई तिच्या हातात घालू पाहत होती, पण हात सुजल्याने चढली नाहीत. ही मात्र काचेची आहेत. पुडी जपून सोडावी.