वाणाची गाळणी

पालेगाव, अंबरनाथ

आईला सोनूचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. गोळ्या वेळेवर घेते. गॅसला हात लावत नाही. फक्त एकदा लावला, तेव्हा दादा बाजूलाच होता.

संक्रांतीला समोरच्या रिद्धीने हळदीकुंकू केलं. सगळ्या बायकांना वाणात स्टीलची गाळणी दिली आणि मला चॉकलेट. दरवर्षी हेच. वहिनीला म्हणते, "हिचं डोकं लहान मुलांसारखं ना, हिला चॉकलेटच आवडणार." आई, मी चौतीस वर्षांची आहे आणि रिद्धी सव्वीसची. मला गोष्टी उशिरा कळतात, पण कळतात.

मग पापडाच्या कारखान्यातल्या माझ्या पगारातून मीही हळदीकुंकू ठेवलं. तिळगूळ वहिनीने केला, वाण मी आणलं. सगळ्या बायकांना एकेक चॉकलेट. सगळ्या हसल्या. रिद्धी नाही हसली.

दुसऱ्या दिवशी ती दारात उभी, हातात गाळणी. म्हणाली, "सोनूताई, तुमची गाळणी माझ्याकडेच राहिली होती."

साफ खोटं! पण मी म्हटलं, "आत ये, चहा करते. गाळणी तू आणलीच आहेस."

तुझा गुडघा कसा आहे? लाल कोंबडी अंडी देते का?

तुझी,
सोनू

ता. क. म्हणजे गॅस दोनदा लावला.