पेटीनं ऐकलेलं

९ जून
दुपारी कुरखेड्याचं नेट गेलं. नेट कंपनीच्या मशिनी आपल्या पुढच्या खोलीत, म्हणून लोक माझ्या दारात. म्हटलं, मी काय तोंडानं फुकू नेट? मशिनी सांभाळते माझी नात सुषमा, ती वडशाले गेलेली. संध्याकाळी विजा कडाडल्या. मेन स्विच पाडला, बॅटरीचा बी. नेट तसंही मेलेलंच होतं.

१० जून
चंद्रपूरच्या साहेबाचा फोन. म्हणे सुषमानं वडशावरून भलतीच मशीन बंद-चालू केली, म्हणून नेट गेलं. तसं नसन तं लेखी पुरावा द्या, नाई तं काम सोडा. पोरगी म्हणते मशीन आपोआप बंद पडली. खोलीत एक चपटी पेटी हाये, साऱ्या मशिनींच्या तारा तिच्यात. मशीन जे बोलते ते पेटी जपून ठेवते, कोणी पाहो न पाहो. सुषमानं उघडून पाह्यली. कोरी.
"आजी, बॅटरी कोणं बंद केली?"
"म्या. विजा होत्या."
पोरगी उठून गेली. शिव्या देती तं बरं होतं.

११ जून
सुषमाले विचारलं, पेटी भरली तं? म्हणे जुनं पुसते, नवं ठेवते. आन् करंट गेला तं? सारंच जाते. अगदी तुझा आजा. झोपला की सारं साफ.
म्हटलं, धानाचं बियाणं मी एका घरी ठेवत नाई, अर्धं नणंदेकडे राह्यते. तू काऊन ठेवते? तं म्हणे सोय हाये, चंद्रपूरच्या मशीनवर पाठवता येते; ती तार वेगळी, गावचं नेट गेलं तरी चालते.
"मंग काऊन नाई केलं?"
"राह्यलं."
राह्यलं म्हणे. चौथीवाली मी, बी.ई. ती.

१२ जून
सकाळपासून तेच. एकेक मशीन घेतली, बोलणं चंद्रपूरले लावलं, दर ओळीले तारीख-वेळ. चार झाल्या.
"पाचवी?"
"ते साधी हाये, आजी."
"लाव."
लावली. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला, मशीन बोंबलली, ओळ तिकडे उतरली. मंग पेटी म्या बंद केली, तिच्या देखत. चालू केली तं पेटी कोरी, चंद्रपुरात ओळ शाबूत.
साहेबाले चिठ्ठी धाडली: स्विच म्या पाडला. सही माझी. सुषमा म्हणे, कंपनीवाले मशिनी उचलून नेतील. नेऊ दे, खोलीत कांदे ठेवीन.

१५ जून
साहेब म्हणे चिठ्ठीनं काही सिद्ध होत नाई. नाईच होत. मशीन कशानं पडली, चिठ्ठीत कुठी हाये? महिनाअखेर सुषमाचा फैसला.

१९ जून
आता जेवताना नेट गेलं. आभाळ साफ. सुषमाचा हात भातात, मोबाईल चार्जिंगले, मी समोर. ती उठाले लागली, म्हटलं बस. साहेबाले फोन म्याच लावला.
"तुमच्याकडे उतरलं असन. वाचा."
"वाचून राह्यलो, बाई."
"मोठ्यानं वाचा."
"मशीन आपोआप..." इथवर वाचून थांबला. फोन कानाले धरूनच मी हे लिवून राह्यली. ठेवला नाई त्यानं, श्वास ऐकू येते.