जानरावांचा अकोल्याचा मंगळवार

२० जुलै
आठ महिने झाले, आमचे जानराव पाठ फिरवून झोपतात. मी शाळेतून रिटायर झाले, संसारातून नाही. कुणाला सांगण्यासारखे नाही म्हणून इथे लिहिते. पुरुषाची इच्छा मरत नसते, ती दुसऱ्या घरी जाते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई आहे, मला जग कळते.

२७ जुलै
उडदाचे लाडू केले, जायफळ घालून. आठवड्यात फरक पडेल. नक्की.

३ ऑगस्ट
लाडू संपले. वजन माझे वाढले. जानराव रात्री सारखे उठून मागच्या अंगणात जातात. फोनच करत असणार.

५ ऑगस्ट, सायंकाळ
दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकोल्याला जातात. म्हणे पेन्शनचे काम. एसटीच्या ड्रायव्हरला एवढे काय काम? शेजारच्या केशरबाईंनी सांगितले, आज त्याच बसमध्ये तुळसाबाई होती. विधवा, आमच्याच गल्लीतली. मी संशयी मुळीच नाही. पुरावा मिळाला, इतकेच.

९ ऑगस्ट, पौर्णिमा
बुद्धविहारात वर्षावासाचे, पावसाळ्यातले ग्रंथवाचन माझ्याकडे असते. अख्ख्या मंगरूळपिरात शुद्ध उच्चार माझेच. आज पंचशीलातले तिसरे शील दोनदा वाचले. व्यभिचार म्हणजे काय, तेही तुळसाबाईचे नाव घेऊन समजावले. सगळे खाली बघत राहिले. जानराव उठून गेले. चोराच्या मनात चांदणे.

१० ऑगस्ट
तुळसाबाई दारात. मी भांडायच्या तयारीत. ती आवाज न चढवता म्हणाली, "मॅडम, त्यायले प्रोस्टेटचा कॅन्सर हाय. त्या इंजेक्शनानं इच्छाच राह्यत नाही. आमच्या घरच्यायचं असंच झालं होतं, म्हणून मले विचारतात."
मी विचारले, मग मला का नाही सांगितले?
"तुमी आधी निकाल लावता, मॅडम. मंग पेपर तपासता."
बसा म्हणायचे राहून गेले.

१ सप्टेंबर
तीन आठवडे जानराव कामापुरतेच बोलतात. माफी मागायचे कारण दिसत नाही. मला माहीतच नव्हते. पण उद्या अकोल्याला मीच सोबत जाणार. साडी इस्त्री केली, डबा काढून ठेवला. त्यांना बरे वाटेल.

२ सप्टेंबर
उठले तर जानराव निघून गेलेले. फोन लावला. शांतपणे म्हणाले, "तुळसाबाई हाय सोबत. तू नको येऊ. तिच्यापाशी मले बिमार राह्यता येते."
मी बरं म्हटले.