शांतेचे दुधाचे दात

बंगळूर, शुक्रवार, ३ मार्च १९६१

शांता आज गेली. आश्रमाचा नियमच आहे, अठरा वर्षं भरली की पेटी उचलायची. पण तिची अठरा भरली हे ठरवलं कुणी? मीच. अकरा वर्षांपूर्वी पोलिसांनी तिला स्टेशनवरून आणलं, तेव्हा वय लिहायचं काम माझ्याकडे होतं. तोंड उघडून पाहिलं, दुधाचे दात सगळे जागच्या जागी. म्हणजे जेमतेम पाच. मी सात लिहिलं, कारण सात लिहिलं की शाळेत लगेच घेत. केवढी हुशार समजले होते स्वतःला!

सकाळी सेक्रेटरींना सगळं कबूल केलं. म्हणाले, "अक्का, एक वय खोटं म्हटलं तर बाकीच्या मुलींची कोण मानणार?" तिला घरी आणू का म्हणून काल ह्यांना विचारलं, तर ताट सारून उठले.

फाटकापाशी विचारलं, "कुठे जाशील गं?"

"आनेकलला मावशी आहे ना, अक्का."

कसली मावशी? असती तर पोर इथे अकरा वर्षं राहिली असती? माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलली. आणि मी? "सरी, बरं, जपून जा" म्हणून मोकळी झाले.

संध्याकाळी तिच्याच खाटेवर नवी मुलगी आली. तोंड उघडून पाहिलं. पुढचे दोन्ही दुधाचे दात पडलेले, सातेक वर्षांची असेल.

मी पाच लिहिलं. आता दोन वर्षं तिला शाळेत कुणी घेणार नाही.