आत्याच्या वांग्यांना हसलेल्या काकू

रविवार, संध्याकाळ

टीव्हीवरच्या परसबाग स्पर्धेत आज आमची आत्या हरली. भाग बघायला आत्यासोबत गल्लीतल्या बायका आमच्याच घरी जमल्या होत्या. परीक्षक तिच्या वांग्यांना किडकी म्हणाले आणि शेजारच्या काकू फिसकन हसल्या. हसायचं काय त्यात? आत्या औषध मारत नाही, म्हणून चार वांगी किडली. मोबाइलवर तर लोक तिच्या बोलण्यातल्या ‘हाय-न्हाय’चीही टिंगल करत होते. डोकंच फिरलं माझं. काकूंना म्हटलं, "भरताला फुकट नेताना बरी चालतात ही वांगी!" त्या ताडकन उठून गेल्या. वाटलं, आत्या खूश होईल. तर म्हणते, "किडकी हुतीच की ती. उद्या जाऊन माफी माग तिची."

मी नाही जाणार. हसल्याच का त्या?