तुमची अँबॅसडर मी दौंडला देऊन आले

अहो,

दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालायच्या आधी मीच सांगते. तुमची अँबॅसडर काल मी दौंडला देऊन आले. बदल्यात लाल हेरल्ड मोटार आणली. दोन दारांची! झालं, सांगून टाकलं.

भाऊजी सकाळपासून फुरंगटून बसलेत. "वैनी, दादाला आता काय उत्तर देणार?" म्हणाले. म्हटलं, देते की! कागद घेतला आणि बसले लिहायला. सातवी पास आहे मी, विसरलात का?

कांद्यानं साथ दिली त्या वर्षी तुम्ही ती गाडी आणलीत आणि तिसऱ्याच दिवशी ती गावाची झाली. निमोण्यात लग्न निघालं की नवरदेव मारुतीच्या देवळात जाणार तो आपल्याच गाडीतून. बॉनेटवर आपल्याच मळ्यातल्या फुलांच्या माळा, आणि तुम्ही फडकं घेऊन काचा पुसताय! लग्नाला नाही म्हणायचं नाही, हा तुमचा नेम. आणि मी? अकरा वर्षं मागच्या सीटवर दाराला चेपून, मांडीवर रुखवताच्या लाडवांचं ताट. पुढच्या सीटवर मला एकदा तरी बसवलंत का हो?

असू दे. ही थट्टा झाली. पुढचं थट्टेचं नाही.

त्या दिवशीही गाडी लग्नालाच गेली होती, वरवंडला. ज्या माणसाला तुम्ही उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल, त्याच्या मुलाचं लग्न. एसटीत पंचवीस वर्षं काढलेले आपले शंकरमामा गाडीवर होते. आणि इकडं तुम्ही विहिरीवर छाती धरून खाली बसलात. भाऊजी रस्त्याकडं धावले. पाऊण तासानं एक ट्रक थांबला. कांद्याच्या गोण्यांवर गोधडी टाकून तुम्हाला निजवलं, डोकं माझ्या मांडीवर. शिरूरच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

दारात मोटार असलेला माणूस, आणि त्याला ट्रकमधून न्यावं लागलं! वर्षभर मी रागावलेली आहे. गाडीवर नाही, त्या वरवंडकरांवर नाही, मामांवर तर नाहीच. तुमच्यावर. कुणापाशी बोलले नाही, आज तुमच्यापाशी बोलते. एकदा, एकदा तरी नाही म्हणायचं होतं तुम्ही.

तेराव्याला मामा आले. चावी माझ्यापुढं ठेवली. "सूनबाई, म्या त्या दिशी गाडी नेली नसती तर..." आणि उपरणं डोळ्यांना लावलं. मी म्हटलं, "रडू नका मामा. मला शिकवा."

"तुमी? ष्टेरिंग धरनार?"

"का? विहिरीवरचं इंजिन हँडल मारून मीच सुरू करते, तेव्हा कुणी विचारत नाही!"

मग काय! रोज सकाळी माळावर आमची शाळा. पहिल्या दिवशी बांध फोडला, दुसऱ्या दिवशी बाभळ. बाया डोईवरच्या पाट्या खाली ठेवून बघत उभ्या राहायच्या. बघू देत म्हटलं. पण तुमच्या गाडीत माझा पाय काही क्लचला पुरेना. सीट पुढं ओढावी तर अख्खी सीट पुढं येते आणि मामांचे गुडघे डॅशबोर्डला! पाठीशी दोन उशा, खाली घडी घातलेलं पोतं. एवढं करून वळण घेताना दोन्ही दंड भरून यायचे. उद्या कुणाचा जीव टांगणीला लागला तर मी आधी उशा शोधत बसू?

दौंडला एक डिसोझा साहेब आहेत. जन्मभर आगगाडीचं इंजिन चालवलं, आता घरी बसलेत. शौक दांडगा माणसाचा. त्यांनी हेरल्डला पुढं दोन सुट्या सीटा बसवून घेतल्यात, अंगाला धरून ठेवणाऱ्या. बारकं स्टेअरिंग, गिअर खाली हाताशी, इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारा वेगळा काटा. पण पाच नातवंडं झाली, आता त्यांना ऐसपैस गाडी हवी होती. मामांनी गाठ घालून दिली. साहेबांनी चावी मामांच्या हातात दिली, मामांनी ती माझ्या हातात ठेवली.

"बाई चलायेगा?" साहेबांचे डोळे हे एवढे!

"बाईच चालवनार. म्या नुसता बसनार."

निघताना तुमच्या स्टेअरिंगवरून एकदा हात फिरवला. जिथं तुम्ही धरायचा, तिथला रंग पार उडालेला. रडले मी. दोघांच्या देखत रडले, लपवलं नाही.

पण खरं सांगू? दौंड सोडलं, रस्ता मोकळा लागला आणि गाडीनं जो वेग धरला! मामा दाराची कडी धरून बसले. "सूनबाई, हळू, मला नातवंडं न्हाई झाली अजून!" मी हसले. तुम्ही गेल्यापासून इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच हसले.

घरी आल्यावर भाऊजी गाडीभोवती फिरले. "दोनच दारं? आन् नवरदेव मागं चढनार कसा? फेटा अडकंल की!"

"मग नवरदेवानं चालत जावं. देऊळ काही लांब नाही."

"दादानं कवा कुणाला न्हाई म्हनलं न्हाई, वैनी."

"म्हणून तर मला म्हणावं लागतंय."

बिचारे डोळे पुसत गोठ्याकडं गेले. मी जरा जास्तच बोलले का हो? त्यांचंही दुःख आहेच की. रात्री ताटात तूप जरा सढळ वाढलं.

त्याआधी, उन्हं उतरताना, मी एकटीच गाडी काढली. तुमचं मनगटी घड्याळ काचेपाशी ठेवलं आणि आपल्या विहिरीपासून शिरूरच्या दवाखान्यापर्यंत गेले. घाई केली नाही. बैलगाड्यांना वाट दिली, एका म्हशीसाठी थांबलेसुद्धा. बावीस मिनिटं लागतात हो. बावीसच मिनिटं! दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली आणि कितीतरी वेळ खाली उतरवेना.

तिथंच बसून ठरवलं, तोच शब्द तुम्हाला देते. ही गाडी कुणाच्या लग्नाला जाणार नाही. गावानं नावं ठेवली तरी नाही. पण कुणी छाती धरून बसलं, कुणाला कळा सुरू झाल्या, तर हाक मारायचा अवकाश. मग तो भावकीतला असो नाहीतर परका, मी स्वतः नेईन आणि वेळेत पोचवीन. तुम्हाला नाही पोचवता आलं. तुमच्यानंतर निमोण्याचा कुणी माणूस गाडीवाचून जाणार नाही.

तुमची,
इंदू